मेरुद्रवाची गळती आणि मुलांची डोकेदुखी

मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा मस्तिष्क-मेरुद्रव मणक्यापाशी झिरपून गेल्याने होणारी डोकेदुखी. मुलांमध्ये ती विरळाच आढळते. प्रौढांत हा द्रव सुमारे १५० मिलिलिटर असतो, मुलांत त्याहून कमी. सुमारे १,४०० ग्रॅमच्या मेंदूचा भार या द्रवात जेमतेम ५० ग्रॅम उरतो. दृढतानिका, म्हणजे बाहेरचे जाड आवरण, फाटले की हा आधार घटतो. मूल उभे राहताच मेंदू खाली ओढला जातो, आवरणे ताणली जातात आणि डोके ठणकते. आडवे झाले की उतार पडतो.

बऱ्याचदा कारण समोर असते. मेंदूज्वराच्या तपासणीसाठी किंवा रक्ताच्या कर्करोगात औषध सोडण्यासाठी ‘पाठीतले पाणी काढलेले’ असते. सुईच्या छिद्रातून होणारा हा त्रास सहसा पाच दिवसांत सुरू होतो आणि दोन आठवड्यांत आपोआप थांबतो. मार्फान, एहलर्स-डानलॉस यांसारख्या, शरीरातल्या जोडऊती कमकुवत करणाऱ्या जन्मजात विकारांत आवरण मुळातच कच्चे असते. काहीही निमित्त नसलेला प्रकार जर्मन मेंदूविकारतज्ज्ञ गेऑर्ग शाल्टेनब्रांड यांनी १९३८ मध्ये वर्णिला.

निदान रखडते ते घरात. नाशिककडे मुलाचे डोके दुखले की आधी चष्म्याचा नंबर तपासतात, मग पित्त, मग ऊन. बहुतेकदा अर्धशिशीच निघते, त्यामुळे घरच्यांना दोष देता येत नाही. पण गळती असलेले मूल प्रार्थनेला उभे राहिले की मान आवळते, कान गुणगुणतात, मळमळते. घरी दप्तर टाकून पडले की थोड्या वेळात टीव्ही मागते. इथेच ‘शाळा बुडवायचे नाटक’ असा शिक्का बसतो. तपासणीसाठी मुंबईला नेताना मागच्या सीटवर झोपून कसारा घाट निवांत उतरणारे मूल दवाखान्याच्या रांगेत उभे राहिल्यावर रडकुंडीला येते. उलट पहाटे किंवा आडवे असताना वाढणारी, उलट्यांसह येणारी डोकेदुखी मेंदूतला दाब वाढल्याची खूण असू शकते. तिथे थांबू नये.

डाय देऊन केलेल्या एमआरआयमध्ये मेंदूची आवरणे उजळ दिसतात, मेंदू खाली सरकलेला दिसतो. द्रवाचा दाब (पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजलेला) ६ सेंटिमीटरच्या खाली गेलेला असतो, पण नेहमीच नाही.

विश्रांती व भरपूर पाणी यांनी भागले नाही तर ‘ब्लड पॅच’ करतात. ही रीत १९६० मध्ये जेम्स गॉर्मली यांनी मांडली. मुलाच्याच हातातले रक्त काढून दृढतानिकेबाहेरच्या पोकळीत सोडतात, ते गोठून छिद्र बुजते. लहानग्यांना त्यासाठी गुंगी द्यावी लागते. नंतर काही आठवडे वाकणे, उड्या, जड दप्तर बंद, क्रिकेटही. गळती बुजल्यावर काहींचे डोके उलट आडवे असताना दुखू लागते. दाब तात्पुरता वाढल्याने असे होते. डॉक्टरांना ते लगेच कळवावे.