ब्लॉकचेन नोंद राखते, गोळी नाही

आपल्या इंदूरच्या दवा बाजारातून माल पार माळव्यातल्या लहान लहान गावांपर्यंत जातो, त्यामुळे नकली औषधांची बातमी आली की इथे ती जास्तच टोचते. मग ग्रुपवर कोणीतरी लिहितंच, ब्लॉकचेन आणा, सगळं बंद होईल. नाही होणार, पण का नाही ते समजून घेण्यासारखं आहे.

ब्लॉकचेन म्हणजे एकीला एक बांधलेल्या नोंदींची वही, जिच्या प्रती सगळ्या भागीदारांकडे असतात. तिचा सगळा जीव हॅशमध्ये. हे असं गणित आहे की त्यात एक अक्षर टाका नाहीतर अख्खी ज्ञानेश्वरी टाका, एसएचए-२५६ नावाच्या हॅशमधून २५६ बिटांचंच उत्तर येणार, लिहिलं तर ६४ चिन्हं. बॅच नंबरातला एक आकडा बदलला की त्या ६४ पैकी बहुतेक सगळी बदलतात, आणि तेच उत्तर देणारा दुसरा मजकूर शोधून काढणं आजच्या कॉम्प्युटरांना जमत नाही. आता कंपनीने लिहिलं, अमुक बॅच, इतके खोके, स्टॉकिस्टला दिले. याचा हॅश काढला आणि तो स्टॉकिस्टच्या पुढच्या नोंदीतच घातला, मग तिचा हॅश तिच्या पुढच्या नोंदीत, असं चालत राहतं. मधलीच एक ओळ कोणी गुपचूप बदलली तर तिथून पुढचं काहीच जुळत नाही, आणि सगळं नव्याने जुळवलं तरी इतरांकडच्या प्रती वेगळंच सांगतात. नोंदी अशा साखळीने बांधायची कल्पना हेबर आणि स्टॉर्नेटा या संशोधकांनी १९९१ मध्येच मांडली होती, बिटकॉइन नंतरचं.

पण ही राखण झाली नोंदीची. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० औषध ब्रँडांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला, तो स्कॅन केला की नाव, बॅच, एक्सपायरी दिसते. त्याच क्यूआरचा फोटो काढून हजार नकली पाकिटांवर छापला तर? स्कॅन बरोबरच येणार. उपाय एकच, प्रत्येक पाकिटाला वेगळा नंबर आणि विकताना तो 'विकला' म्हणून नोंदवायचा, मग तोच नंबर दुसऱ्या गावात आला की पकडला जातो. हे साध्या डेटाबेसनेही होतं! ब्लॉकचेन लागते ती कंपनी, स्टॉकिस्ट, दुकानदार यांना कोणा एकाच्या वहीवर भरवसा ठेवायचा नसेल तेव्हा. तिचं नाव ताईतासारखं बांधून काही होत नाही. जहाज कंपनी मार्स्क आणि आयबीएम यांचं ट्रेडलेन्स हे ब्लॉकचेनवरचंच, जहाजी मालासाठी होतं, तंत्र चालत होतं, पण धंद्यातले सगळे एकत्र आले नाहीत आणि २०२३ मध्ये ते बंद झालं.

औषधांतही तेच अडणार, कारण संध्याकाळच्या गर्दीत काउंटरवरच्या पोराने पाकीट स्कॅन न करताच दिलं तर तो नंबर वहीत न विकलेलाच राहतो, आणि त्याची नकल तिसऱ्या गावात पहिल्या स्कॅनला अस्सल ठरते.