माशांच्या टाकीत उजेड किती आणि झाडं कोणती

दोन फुटी टाकी आणली, वाळू घातली, झाडं रोवली, वर एलईडी दिवा बसवला. तीन आठवड्यांत काचेवर हिरवा थर चढतो, पानांच्या कडांना काळे केसाळ झुबके लागतात आणि झाडं मात्र होती तेवढीच राहतात. मग वाटतं, उजेड कमी पडतोय. दिवा आणखी दोन तास चालू ठेवला जातो. त्यानं शेवाळाचंच फावतं.

प्रकाश हे झाडाचं अन्न नव्हे. अन्न झाड स्वतः तयार करतं आणि त्या कामाचा वेग प्रकाश ठरवतो. वेग वाढला की कार्बन डायऑक्साइड, नत्र, पालाश, लोह या सगळ्यांची गरज वाढते. त्यातलं एक जरी अपुरं पडलं, तरी झाडाची वाढ अडते. शेवाळाचं फार थोडक्यात भागतं, त्यामुळे झाडाला न वापरता आलेला उजेड त्याच्या कामी येतो.

पाण्यात बहुतेक वेळा पहिली टंचाई कार्बन डायऑक्साइडची असते. हा वायू पाण्यात हवेपेक्षा सुमारे १० हजार पट सावकाश पसरतो. पानाला लगटून असलेल्या पाण्याच्या पातळ थरातला साठा संपला, की तो भरून यायला वेळ लागतो. म्हणून फिल्टरचा प्रवाह झाडांवरून हळुवार फिरायला हवा, पानं किंचित डुलतील इतका. सिलिंडरमधून हा वायू सोडणारे लोक लिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅम पातळी राखतात. त्याहून जास्त झाल्यास मासे गुदमरू लागतात. घरच्या साध्या टाकीत ही पातळी याच्या आसपासही नसते, तेव्हा उजेडही त्याच मानानं ठेवावा.

आता हिशेब. ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ३० सेंमी पाण्याची उंची म्हणजे ५४ लिटर. सिलिंडर नसेल तर लिटरमागे १५ ते २० ल्युमेन (दिव्याच्या उजेडाचं माप) भरपूर झाले; म्हणजे साधारण ८०० ते ११०० ल्युमेन. चांगला एलईडी एका वॅटला १०० ल्युमेनच्या आसपास देतो, म्हणून १० वॅटचा दिवा पुरतो. ‘गॅलनला इतके वॅट’ हा नियम जुन्या ट्यूबलाइटच्या काळातला आहे, एलईडीला तो लावू नका. दिव्याचा रंग ६५०० केल्विनचा, पांढरा, घ्यावा. निळ्याजांभळ्या शोभेच्या दिव्यात झाडं काळपट दिसतात आणि पान पिवळं पडलेलं कळत नाही.

पहिला महिना रोज ६ तासच दिवा लावा, तोही टायमरवर. संध्याकाळी टाकी बघत बसायची असेल तर दुपारी ४ ते रात्री १० ही वेळ सोयीची. नवी पानं धरू लागली की दर आठवड्याला अर्धा तास वाढवत ८ तासांवर थांबा. खिडकीतून थेट ऊन येणारी जागा टाळलेलीच बरी. त्या उजेडाला टायमर लावता येत नाही.

झाडं निवडताना आधी आपलं पाणी बघा. दख्खनच्या काळ्या कातळातल्या बोअरवेलचं पाणी बहुधा जड असतं, त्यात बायकार्बोनेट बरंच असतं. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया ही झाडं कार्बनसाठी हे बायकार्बोनेटही वापरू शकतात, म्हणून अशा पाण्यात ती झपाट्यानं वाढतात. जलब्राह्मी, म्हणजे बॅकोपा मोनिएरी, आपल्याकडे ओढ्याकाठी उगवते आणि पाण्याखालीही रुळते. कुंडीतली गोल पानांची ब्राह्मी वेगळी, ती यासाठी नको. ‘रोटाला’ ही लालभडक वनस्पती मात्र भरपूर उजेड आणि सिलिंडर या दोन्हींशिवाय रंग धरत नाही; सुरुवातीला तिच्या वाटेला जाऊ नये.

पहिल्याच दिवशी तळाची निम्मी जागा तरी झाडांनी भरा. माशांच्या मलमूत्रातून येणारा आणि त्यांनाच घातक असलेला अमोनिया झाडं नत्र म्हणून शोषतात आणि नव्या टाकीत हा मोठाच आधार असतो.

लावणीत एक चूक हमखास होते. अनुबियास आणि जावा फर्न या झाडांचं आडवं, बोटाएवढं हिरवं खोड वाळूत पुरलं की ते मऊ पडून कुजतं. ते दगडाला किंवा लाकडाला सुती दोऱ्यानं बांधा. मुळं स्वतःच पकड घेतात, तोवर दोरा विरतो. क्रिप्टोकोरायन या झाडाचं उलट: मुळं २-३ सेंमी ठेवून छाटायची, १ ते ३ मिमी जाडीच्या रेतीच्या ५ सेंमी थरात चिमट्यानं खोचायची आणि पानं जिथून फुटतात तो गाभा रेतीच्या वर ठेवायचा. आठवडाभरात त्याची सगळी पानं वितळल्यासारखी झाली, तरी उपटू नका. नर्सरीत ते बहुधा पाण्याबाहेर वाढवलेलं असतं. जुनी पानं टाकून ते मुळांतून पाण्यातली नवी पानं काढतं.

पुढे पानंच दुखणं सांगतात. जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर नत्र कमी. जुन्या पानांना बारीक भोकं पडली तर पालाश. कोवळं पान फिकट, पण शिरा हिरव्या, तर लोह.

काळ्या झुबक्यांचं शेवाळ घासून निघत नाही. ती पानंच कापून टाका, दिवा ६ तासांवर आणा आणि दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवायला विसरू नका. नव्या टाकीतला तपकिरी थर मात्र काही आठवड्यांत आपोआप ओसरतो, त्याच्यासाठी औषध घालायची गरज नाही.

दिवा विझल्यावर झाडं ऑक्सिजन सोडायचं थांबतात, श्वसन मात्र चालूच असतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. एप्रिल-मेमध्ये पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड लावून हापसताना दिसले, तर एअर पंप रात्रभर चालू ठेवा. सकाळी मासे पुन्हा तळाशी, झाडांत फिरताना दिसले, म्हणजे तेवढी हवा पुरतेय.