वायटूके : काही झालंच नाही, म्हणजे काही नव्हतंच?

वायटूके म्हणजे ‘इयर २०००’: वर्ष ‘००’ लागलं की संगणकांचे हिशेब चुकतील, ही तेव्हाची भीती. तिच्याबद्दल फिरता समज असा: जुन्या प्रोग्रॅमरांनी आळसापोटी वर्षाचे दोनच आकडे लिहिले, पुढे त्याचाच बाऊ करून पैसे उकळले, आणि १ जानेवारी २००० ला काहीच झालं नाही.

असं वाटणं साहजिक आहे. दिवे गेले नाहीत, विमानं पडली नाहीत.

आधी आळसाचं बघू. त्या काळी माहिती भोकं पाडलेल्या कार्डावर जायची. एका कार्डावर रकाने ८०. तीन तारखा पूर्ण लिहिल्या तर २४ रकाने खर्च. वर्षाचे दोनच आकडे घेतले तर १८. उरलेल्या सहांत आडनाव बसायचं! १९५९ साली आलेल्या एका गाजलेल्या संगणकाच्या सर्वांत छोट्या नमुन्याच्या मेमरीत तर जेमतेम १,४०० अक्षरं मावत.

आता बाऊ. हे कागदावर करून बघा: जन्म ६५ चा, चालू वर्ष ००. वजाबाकी करा, वय उणे ६५. पेन्शनचा हिशेब असाच चालायचा. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅसेट भाड्याने देणाऱ्या एका व्हिडिओ दुकानाच्या संगणकाने खरोखरच एका गिऱ्हाइकाला शंभर वर्षांच्या उशिराचे ९१,२५० डॉलर लावले होते.

बाकी बहुतेक ठिकाणी असं झालं नाही, कारण आधीची काही वर्षं माणसं कोबोल या जुन्या संगणक-भाषेतल्या प्रोग्रॅमच्या ओळी एकेक करून तपासत बसली होती. काही ठिकाणी गरजेपेक्षा जास्त खर्च झाला, हेही खरं. पण पुण्यामुंबईहून त्या कामाला गेलेला कुणी ओळखीचा असेल, तर त्याला विचारा, तेव्हा दिवसभर तो नेमकं काय दुरुस्त करायचा.