पालेभाज्या आणि कोलेस्ट्रॉल

पालेभाजी खा, कोलेस्ट्रॉल उतरेल, हे बडोद्यात दांडिया बाजारातल्या कुठल्याही मराठी घरात ऐकायला मिळतं. ते खोटं नाहीये, पण सांगतात तेवढं मोठंही नाही.

होतं असं की लिव्हर कोलेस्ट्रॉलपासून पित्ताम्लं बनवतं, ती आतड्यात येऊन तेल-तूप पचवायला मदत करतात आणि त्यातली साधारण ९५ टक्के परत शोषली जाऊन लिव्हरकडे जातात, म्हणजे तोच माल फिरत राहतो. पाल्यातला फायबर त्यातली थोडी धरून शौचावाटे बाहेर नेतो, मग नवीन बनवायला लिव्हर रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्ट्रॉल, ओढून घेतं. कोलेस्टिरामिन हे जुनं औषधही असंच चालतं.

आता हिशोब. पाण्यात विरघळणारा फायबर रोज १ ग्रॅम वाढवला तर एलडीएल डेसिलिटरमागे साधारण २ मिलिग्रॅमने उतरतं, आणि १०० ग्रॅम कच्च्या पालकात सगळा मिळून फायबर २ ग्रॅमच्या आसपास, त्यातही विरघळणारा कमीच. कोलेस्ट्रॉलवर डॉक्टर देतात ती स्टॅटिनची गोळी एलडीएल ३० ते ५० टक्के खाली आणते, त्यामुळे भाजी सुरू केली म्हणून गोळी परस्पर बंद करणं हा शुद्ध वेडेपणा.

मेथीचं जे कौतुक होतं ते बरंचसं दाण्यांचं आहे, अभ्यास जास्त करून दाण्यांवर झालेत, जुडीवर नाही. कढीपत्त्याचे पुरावे मुख्यतः उंदरांवरचे, शेवग्याच्या पाल्याचेही माणसांवरचे प्रयोग छोटे छोटे. ईसबगोल चांगला लागू पडतो पण तो बियांचा भुसा, पाला नव्हेच. आणि कमाटीबागेत फिरून आल्यावर जो गाळलेला हिरवा ज्यूस पितात त्यात फायबर चोथ्याबरोबर गेलेला असतो, राहतं नुसतं हिरवं पाणी.

वाफवण्याचा मात्र फायदा दिसतो, कोबी, केल (कोबीच्या जातीचीच पालेभाजी), मोहरीचा पाला वाफवला तर पित्ताम्लं जास्त धरतो असं प्रयोगशाळेत, म्हणजे परीक्षानळीत, दिसलंय. इथे आपलं अळू कामाला येतं. खंडेराव मार्केटमधून मोठी पानं आणायची, मागच्या जाड शिरा सुरीने तासायच्या, बेसनात चिंच-गूळ घालून एकावर एक लेप देऊन गुंडाळी करायची आणि वाफवायची (चिंच नसली तर घसा खाजतो, अळूत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात). गुजराती शेजारी पातरा करतात तेव्हा वाफवलेल्या वड्यांवर राई-तिळाची फोडणी देऊन थांबतात, आपण तळतो! तळून खायची तर कोलेस्ट्रॉलचं नाव काढू नये. पालेभाजीचा खरा फायदा माझ्या मते ताटातल्या जागेचा आहे, वाटीभर शेपू किंवा तांदुळजा घेतला की तेवढं फरसाण, शेव, तूप कमी जातं, पण भाजीच वनस्पती तुपात परतली आणि वरून शेव भुरभुरली तर काय उरलं.

किडनी स्टोन असलेल्यांनी पालक-अळू डॉक्टरांना विचारून खावं. वॉर्फरिनवर (रक्त गोठू नये म्हणून घेतात ती गोळी) असलेल्यांनी पाला एकदम वाढवू नये, बंदही करू नये, व्हिटॅमिन के मुळे गोळीचा डोस बिघडतो, म्हणून रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवायचं.