ॲल्युमिनियम गरम करून का ठोकतो?

ठोकल्याने धातू कडक होतो, हे पुण्याच्या तांबट आळीत कुणाला सांगावं लागत नाही. मठारलेलं भांडं हातालाच घट्ट लागतं. आमचं कामही मठारण्याचंच, फक्त हातोडीच्या जागी लेझर. याला लेझर पीनिंग म्हणतात.

जॉबवर, म्हणजे कामाला आलेल्या भागावर, काळी टेप लावतो, तिच्यावर पारदर्शक थर. लेझरचा 10-20 नॅनोसेकंदांचा झटका बसला की टेपच्या पापुद्र्याचा प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, होतो. वरून कोंडलेला असल्याने त्याचा धक्का आत उतरतो. फटाकडीसारखा आवाज होतो. दाब काही गिगापास्कल. एक गिगापास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट. जळते ती टेप, धातू नाही. शॉट पीनिंगचा, म्हणजे बारीक गोळ्यांचा मारा करून मठारण्याचा, दाब-ताण (धातूत कोंडून राहिलेला दाब) ॲल्युमिनियममध्ये साधारण 0.1 ते 0.3 मिमी खोल जातो, लेझरचा 1 मिमीच्या आसपास. पृष्ठभाग असा आतून आवळलेला असला की चीर सहजी उघडत नाही.

मग गरम कशाला? थंड जॉबवरचा ताण टिकत नाही, ही जुनी तक्रार. धक्क्याने धातूच्या स्फटिकांत डिस्लोकेशनची, म्हणजे अणूंच्या रांगांतल्या विस्कटलेल्या जागांची, दाटी होते, पण भार पुन्हापुन्हा आला किंवा उष्णता लागली की ती सरकतात आणि कमावलेला ताण सैल पडतो. 6061 या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असतं. जॉब 160 अंशांच्या आसपास ठेवून झटका दिला, तर हे अणू डिस्लोकेशनपाशी गोळा होतात आणि तिथेच नॅनोमीटरभर आकाराचे कण धरतात. खिळे ठोकल्यासारखी डिस्लोकेशन जागच्या जागी अडकतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात 2010च्या सुमारास हे काम झालं. टी6 ही कडक करण्याची उष्णता-प्रक्रिया करताना भट्टीत तासन्‌तास जे घडतं, त्याचाच हा झटपट, फक्त पृष्ठभागापुरता प्रकार म्हणा. एरवी वरचा थर पाण्याचा असतो. 160 अंशांना त्याची वाफ होणार, म्हणून इथे सिलिकॉन तेल किंवा काच.

याने जॉबची एकूण ताकद दुप्पट होत नाही. तसं कुणी सांगितलं तर आधी टेस्ट रिपोर्ट मागा. फायदा फटीगमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा भार येऊन चीर पडते तिथे: फिलेट (गोलाई दिलेला आतला कोपरा), भोकाची कड, खाच, जिथून चीर सुरू होते तिथे. एकदाच भार घेऊन वाकणाऱ्या ब्रॅकेटला हा खर्च करू नका. पातळ पत्राही नको, वाकतो.

एक ग्राहक ॲनोडाइझ केलेले, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वर ऑक्साइडचा थर चढवलेले, आर्म घेऊन आले होते. परत पाठवावे लागले. आधी पीनिंग, मग ॲनोडाइझिंग. पावडर कोटिंग करणार असाल तर भट्टीचं तापमान आणि वेळ आधीच कळवा. 180-200 अंशांत वीस मिनिटं जॉब बसणार असेल, तर त्या हिशेबाने नमुना तपासून घेऊ. पीनिंगनंतर त्या जागी ग्राइंडिंग नको. कमावलेला थरच निघून जाईल.

ड्रॉइंगवर ॲलॉय (मिश्रधातूचा क्रमांक) आणि टेंपर (टी6सारखी कडकपणाची अवस्था) लिहा. नुसतं ‘ॲल्युमिनियम’ लिहिलेल्या चिठ्ठीवर आम्ही हीटर चालू करत नाही. तुटलेला जुना पार्ट असेल तर तोही पाठवा, न पुसता. चीर कुठून निघाली ते त्याच्यावरच दिसतं.