वाढत्या अंगाची गिटार घ्यावी का?

"पहिली गिटार मोठीच घ्या, मूल वाढेल तशी पुरेल," हा सल्ला वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतो. खर्च वाचावा ही त्यामागची काळजी रास्तच आहे. पण सदरा मोठा झाला तर बाही दुमडता येते, गिटारीचे फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जवळ आणता येत नाहीत.

मोठ्यांच्या क्लासिकल गिटारीत तारेची वाजती लांबी साधारण 650 मिमी असते. तिथे नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) चौथ्या फ्रेटपर्यंत सुमारे 134 मिमी भरतात, तर 580 मिमीच्या गिटारीत 120. एवढ्या फरकानेही लहान हाताची करंगळी अपुरी पडते, मनगट मुडपतं, खांदा वर चढतो. सूर फुसका निघतो आणि मूल हिरमुसतं.

दुकानात 'थ्री-फोर्थ' (पाऊण मापाची) या लेबलवर विसंबू नका, मापं कंपनीगणिक बदलतात. टेप न्या. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजून दुप्पट करा, ती वाजती लांबी. मग मुलाला बसवून पहिल्या चार फ्रेटवर चार बोटं ठेवायला सांगा. मनगट न वाकवता ती टेकली पाहिजेत.

छोट्या गिटारीच्या तारा सुरात लावूनही ढिल्या वाटल्या, तर हाय टेन्शन (जास्त ताणाच्या) नायलॉन तारांचा सेट चढवा.