व्यवस्था-समर्थन सिद्धांत

आपण ज्या समाजरचनेत राहतो ती न्याय्य, स्वाभाविक आणि अटळ आहे असे मानण्याकडे मनाचा ओढा असतो. त्या रचनेत ज्यांचे नुकसान होते तेही याला अपवाद नसतात, असे सांगणारा सामाजिक मानसशास्त्रातील सिद्धांत. जॉन जोस्ट आणि मूळच्या सिकंदराबादच्या महजरीन बानाजी यांनी तो १९९४ मध्ये मांडला.

माणूस स्वतःची किंवा आपल्या गटाची बाजू राखतो, एवढे आधीचे सिद्धांत सांगत होतेच. पण मग खालच्या पायरीवरचा माणूस आपल्याच लोकांना कमी का लेखतो? या कोड्यासाठी जोस्ट-बानाजींनी मार्क्सवादातील ‘मिथ्या जाणीव’ (स्वतःच्याच हिताविरुद्ध जाणारी खोटी समजूत) ही संज्ञा उचलली. मार्क्सचा सहकारी एंगल्स याने जर्मन समाजवादी लेखक मेहरिंगला १८९३ साली लिहिलेल्या पत्रात ती आढळते.

मानसशास्त्रज्ञ मेल्विन लर्नर यांनी १९६० च्या दशकातच एक धागा हाती दिला होता. विजेचे धक्के सोसणारी (खरे तर सोसण्याचा अभिनय करणारी) स्त्री पाहताना, तिचा त्रास थांबवता येत नाही असे दिसले की प्रेक्षक तिलाच नावे ठेवू लागत. ‘करावे तसे भरावे’ या म्हणीची ही काळी बाजू.

‘पदरी पडले, पवित्र झाले’ याचाही पडताळा मिळाला. अमेरिकेतील २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी बुश किंवा गोर यांपैकी जो जिंकण्याची शक्यता अधिक सांगितली गेली, तो विरोधी पक्षाच्या मतदारांनाही थोडा बरा वाटू लागला.

सर्वांत बोलका प्रयोग मात्र जोस्ट यांचा, १९९७ चा. येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी काही विचार लिहून काढले आणि त्याचा मोबदला स्वतःच ठरवला. विद्यार्थिनींनी तो कमी लावला. लेखन कोणाचे हे माहीत नसलेल्या परीक्षकांना दर्जात फरक दिसला नाही.

गरीब लोक श्रीमंतांपेक्षाही जोमाने व्यवस्थेची पाठराखण करतात, हा सिद्धांतातील सर्वांत धीट दावा. तो डळमळीत ठरला आहे: मार्क ब्रँट यांनी २०१३ मध्ये अनेक देशांतील दीड लाखांवर लोकांची माहिती तपासली, तेव्हा त्याला सातत्याने आधार मिळाला नाही. दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. ‘समाज न्याय्य आहे’ या विधानाला होकार मिळाला, तर त्यातून समजूत मोजली जाते. ती मिथ्या आहे हे नव्हे. येलच्या प्रयोगात परीक्षकांची वेगळी मोजपट्टी होती. बहुतेक सर्वेक्षणांत ती नसते.